राखलेली भूमि : पश्चिम अमेरिकेंतील एक प्रवास

श्रोतेहो, ‘स्मारक’ हा शब्द ऐकतांच आपल्या डोळ्यांपुढें काय उभें राहतें? चौकांतील पुतळा, एखादी छत्री, फार तर समाधीचा चौथरा. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र हा शब्द फार व्यापक अर्थानें वापरतात. तेथें एखादी सबंध दरी स्मारक असूं शकते, एखादें जंगल असूं शकतें, लाव्ह्यानें झांकलेलें मैलोगणती माळरानही असूं शकतें. त्या देशाच्या पश्चिम भागांत मी व माझी पत्नी मिळून मोटारीनें जो प्रवास केला, त्यांत अशीं कांहीं ‘राष्ट्रीय स्मारकें’ आणि त्यांचीं वडील भावंडें म्हणतां येतील अशीं ‘राष्ट्रीय उद्यानें’ आम्हीं पाहिलीं. त्यांची शोभा वर्णावी एवढाच माझा हेतु असता, तर छायाचित्रांनीं तें काम माझ्याहून चांगलें केलें असतें. मला सांगावयाचें आहे तें निराळें. भूमि राखणें म्हणजे काय, ती कोण राखतो, आणि ती राखली जाते तेव्हां तेथें आधींपासून राहणाऱ्या माणसांचें काय होतें, हे प्रश्न त्या वाटेवर आम्हांला एकामागून एक भेटत गेले. त्यांविषयीं मी बोलणार आहें.

प्रथम आमच्याविषयीं दोन शब्द. आम्ही दोघेंही पासष्टी ओलांडलेलीं. आमची कन्या ॲरिझोना संस्थानांतील फीनिक्स शहरीं नोकरीनिमित्त असते. तिच्याकडे गेलों असतां तिनें आपली मोटार आमच्या स्वाधीन केली. मोटार मीं हांकावी व नकाशा पत्नीनें पाहावा, अशी वांटणी ठरली. आणखी एक गोष्ट आतांच सांगून ठेवतों. माझ्या पत्नीचें माहेर सातारा जिल्ह्यांतील एका खोऱ्यांतलें. १९६० नंतरच्या थोड्याच वर्षांत तें गांव एका धरणाच्या पाण्याखालीं गेलें. त्या वेळीं ती पांच वर्षांची होती. ही गोष्ट ती सहसा काढीत नाहीं. या प्रवासांत मात्र ती आपण होऊन निघत गेली.

उद्यान आणि स्मारक यांतील भेद समजल्यावांचून पुढील हकीकत नीट कळणार नाहीं. राष्ट्रीय उद्यान निर्माण करण्याचा अधिकार तेथील विधिमंडळाचा, म्हणजे काँग्रेसचा. यलोस्टोन हें पहिलें राष्ट्रीय उद्यान. त्याच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनीं १ मार्च १८७२ रोजीं सही केली. स्मारकाची रीत याहून सोपी आहे. ८ जून १९०६ रोजीं प्राचीन वस्तूंच्या रक्षणाचा एक छोटासा कायदा झाला. सरकारी मालकीच्या जमिनीवर ऐतिहासिक अथवा शास्त्रीय महत्त्वाचें जें कांहीं असेल, तें राष्ट्राध्यक्षानें नुसत्या जाहीरनाम्यानें राष्ट्रीय स्मारक म्हणून राखावें, असा अधिकार त्यानें दिला. मात्र त्यासाठीं घ्यावयाची जमीन गरजेपुरतीच असावी, अशी अट घातली. त्याच वर्षीं २४ सप्टेंबर रोजीं वायोमिंग संस्थानांतील ‘डेव्हिल्स टॉवर’ हा प्रचंड पाषाणस्तंभ पहिलें राष्ट्रीय स्मारक झाला. सारांश, उद्यानासाठीं चर्चा, मतदान व कित्येकदां अनेक वर्षांचा खटाटोप लागतो. स्मारकाला एक लेखणी पुरते.

ती लेखणी किती दूर पोहोंचूं शकते, याचा पुरावा आम्हांला पहिल्याच मुक्कामीं मिळाला. फीनिक्सहून उत्तरेस सव्वादोनशें मैलांच्या सुमारास ग्रँड कॅन्यनचा दक्षिण कांठ लागतो. हा कांठ समुद्रसपाटीपासून सुमारें ७,००० फूट उंच आहे. पाइनच्या झाडींतून चालत जावें आणि एकाएकीं पुढची जमीनच संपावी, तसें तें दर्शन आहे. नदीच्या वळणांबरोबर मोजली तर या दरीची लांबी २७७ मैल भरते, खोली सुमारें एक मैल आणि रुंदी कांहीं ठिकाणीं १८ मैल. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं ११ जानेवारी १९०८ रोजीं ही दरी राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केली. आठ लाख एकरांहून अधिक जमीन एका सहीनें राखली गेली. राल्फ कॅमेरॉन नांवाचा एक गृहस्थ तेथें खाणीचे हक्क सांगत असे व दरींत उतरणाऱ्या वाटेवर प्रवाशांकडून पैसे घेत असे. ‘गरजेपुरती जमीन’ या अटीकडे बोट दाखवून एवढी मोठी दरी स्मारक होऊं शकत नाहीं, असा वाद न्यायालयांत झाला. १९२० सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें निकाल सरकारच्या बाजूनें दिला. तत्पूर्वींच, म्हणजे १९१९ सालीं, काँग्रेसनें त्या स्मारकाचें उद्यान केलें होतें.

आपल्याकडील माणसाला त्या कांठावर आणखी एक नवल वाटतें. दरींतील शिखरांचीं नांवें विष्णुमंदिर, शिवमंदिर अशीं आहेत. क्लॅरेन्स डटन या भूशास्त्रज्ञाचा या दरीवरील ग्रंथ १८८२ सालीं प्रसिद्ध झाला. पौर्वात्य देवतांचीं नांवें देण्याची ही प्रथा त्यानें पाडली. कांठावरचा चुनखडीचा थर सुमारें २७ कोटि वर्षांचा आहे, आणि अगदीं तळाशीं जो काळा खडक नदीनें उघडा पाडला आहे, तो सुमारें १७० कोटि वर्षांचा. त्या खडकालाही शास्त्रज्ञ ‘विष्णु’ हेंच नांव देतात. तें कळल्यावर पत्नीनें संवयीनें हात जोडले. पण तिची दृष्टि शिखरांवरून लवकरच खालीं गेली. तांबूस खडकांच्या मधोमध, निम्म्या उतारावर, एक हिरवा ठिपका दिसत होता. ती म्हणाली, “अहो, तिथं पाणी आहे. म्हणजे कोणी तरी राहत असणार.”

तिचा तर्क खरा होता. त्या झऱ्याच्या आधारानें हावासुपाई नांवाचे लोक पिढ्यान् पिढ्या शेती करीत. उद्यान झालें, आणि त्यांना तेथून उठावें लागलें. शेवटच्या रहिवाश्याला १९२८ सालीं बाहेर काढण्यांत आलें. पुढें कित्येक दशकें त्या जागेला ‘इंडियन गार्डन’ असें मोघम नांव होतें. १९७५ च्या कायद्यानें हावासुपाई लोकांना दरीच्या परिसरांतील सुमारें १,८५,००० एकर जमीन परत मिळाली, आणि नोव्हेंबर २०२२ मध्यें त्या हिरव्या ठिपक्याला ‘हावासुपाई गार्डन्स’ हें नांव अधिकृतपणें देण्यांत आलें. हें सर्व मीं तिला वाचून दाखविलें. ती इतकेंच म्हणाली, “नांव तरी परत मिळालं.”

तेथून पूर्वेस व मग उत्तरेस वळून आम्ही पेज या गांवीं आलों. येथें कोलोरॅडो नदीवर ग्लेन कॅन्यन धरण आहे; उंची ७१० फूट. या धरणाची कथा उद्यानांच्या कथेपासून निराळी करतां येत नाहीं. १९५० च्या सुमारास कोलोरॅडोच्या खोऱ्यांत अनेक धरणांची योजना आंखली गेली. त्यांपैकीं एक धरण इको पार्क या जागीं, म्हणजे डायनोसॉर राष्ट्रीय स्मारकाच्या हद्दीच्या आंत होणार होतें. राखलेल्या भूमींत धरण होऊं द्यावयाचें कीं नाहीं, यावर देशभर वाद माजला. अखेर १९५६ च्या कायद्यानें इको पार्कचें धरण वगळलें. पण त्याच कायद्यानें ग्लेन कॅन्यनच्या धरणाला मान्यता दिली, कारण त्या दरीभोंवतीं उद्यानाची वा स्मारकाची हद्द नव्हती. १९६३ च्या मार्च महिन्यांत दरवाजे बंद झाले आणि पाणी चढूं लागलें. दोन्ही दऱ्या सुंदरच होत्या. एकीभोंवतीं नकाशावर रेघ ओढलेली होती, दुसरीभोंवतीं नव्हती.

धरणाजवळच्या पुलावर उभे असतां पत्नीनें विचारलें, “याच्याखालीं कोणाचं गांव होतं कां?” मीं सांगितलें कीं, आपल्याकडच्यासारखीं नांदतीं गांवें येथें बुडालीं नाहींत, परंतु प्राचीन लोकांचीं घरें, कोठारें, खडकांवर कोरलेलीं चित्रें अशा शेंकडों जागा होत्या, आणि पाणी येण्यापूर्वीं पुराणवस्तुशास्त्रज्ञांनीं घाईघाईनें त्यांची नोंद करून घेतली. २०२३ च्या आरंभीं या जलाशयाची पातळी तो भरल्यापासूनच्या काळांत सर्वांत खालीं गेली, तेव्हां बुडालेल्या कित्येक घळी पुन्हां उघड्या पडल्या. हें ऐकून ती म्हणाली, “आमच्याकडे पाणी फार आटलं कीं देवळाची दीपमाळ वर येते. माझे वडील होते तोंवर बघायला जात.” मग बराच वेळ आम्ही दोघेंही बोललों नाहीं.

पुढचा मुक्काम कॅन्यन डि शे. येथें पोहोंचतांना आमची एक फजिती झाली. ॲरिझोना संस्थानांत उन्हाळ्यांत घड्याळें पुढें करीत नाहींत. पण त्याच्या ईशान्य भागीं जो नावाहो लोकांचा प्रदेश आहे, तेथें करतात. नावाहो राष्ट्राची हद्द ओलांडतांच तास पुढें गेला, हें आमच्या ध्यानीं आलें नाहीं, आणि ठरलेल्या वाटाड्याकडे आम्ही एक तास उशिरा हजर झालों. त्यानें रागावण्याऐवजीं हंसून सांगितलें कीं, आमच्या घड्याळावरूनच तुम्हांला कळावें कीं आतां तुम्ही आमच्या घरीं आलां आहां.

तें बोलणें अक्षरशः खरें आहे. कॅन्यन डि शे हें १९३१ पासून राष्ट्रीय स्मारक आहे. परंतु त्याची जमीन नावाहो लोकांचीच राहिली आहे. राष्ट्रीय उद्यान खातें तेथील व्यवस्था त्यांच्याशीं मिळून पाहतें. तांबड्या कड्यांच्या तळाशीं नदीकांठीं अजून कांहीं कुटुंबांचीं शेतें आहेत, मेंढरें चरतात. प्रवाशानें वरच्या कांठावरून मोटारीनें फिरावें. तळाशीं उतरावयाचें तर नावाहो वाटाड्या बरोबर घ्यावा, असा सर्वसाधारण शिरस्ता आहे. हा शिरस्ता कशासाठीं, तें इतिहास कळल्यावर उमगतें. १८६४ सालीं किट कार्सन याच्या हाताखालील फौजेनें याच दरींत शिरून नावाहोंना शरण आणलें, त्यांचीं पिकें नष्ट केलीं, हजारों पीचचीं झाडें तोडलीं. नावाहोंना तीनशें मैलांहून अधिक अंतर चालवीत न्यू मेक्सिकोंतील बोस्के रेदोंदो येथें नेण्यांत आलें. आठ हजारांहून अधिक माणसें तेथें कोंडलीं गेलीं, आणि त्यांतील कित्येक परत आलीं नाहींत. १८६८ च्या जून महिन्यांत तह होऊन ते लोक आपल्या प्रदेशीं परतले. वस्ति उठवून राखलेली दरी आम्हीं कालच पाहिली होती. वस्तीसह राखलेली दरी आज पाहत होतों. खालीं कोणा बाईनें कुत्र्याला मारलेली हांक आमच्यापर्यंत स्पष्ट ऐकूं येत होती.

येथून उत्तरेस कोलोरॅडो संस्थानांत मेसा व्हर्डे हें उद्यान आहे. रानें व पर्वत राखण्यासाठीं यापूर्वीं उद्यानें झालीं होतीं. मनुष्याच्या हातची कृति राखण्यासाठीं झालेलें हें तेथील पहिलें राष्ट्रीय उद्यान. त्याचा कायदा २९ जून १९०६ चा, म्हणजे स्मारकांच्या कायद्यामागून अवघ्या तीन आठवड्यांचा. कड्याच्या पोटांतील खोबणींत दगडमातीचीं घरें बांधलेलीं; त्यांपैकीं सर्वांत मोठ्या समूहास ‘क्लिफ पॅलेस’ म्हणतात. त्यांत सुमारें १५० खोल्या आणि धर्मकृत्यांसाठीं असलेल्या २३ वर्तुळाकार ‘किवा’ आहेत. तेथें जावयाचें तर रक्षकाबरोबर जावें लागतें व लांकडी शिड्या चढाव्या लागतात. गुडघ्यांमुळें पत्नी येणार नाहीं, असें मीं गृहीत धरलें होतें. ती माझ्या आधीं चढली.

१८८८ च्या १८ डिसेंबरला रिचर्ड वेदरिल व त्याचा मेहुणा चार्ली मेसन हे दोघे हरवलेलीं गुरें शोधीत असतां त्यांना हा समूह दिसला, असें सांगतात. वाघाच्या शिकारीस गेलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अंमलदाराला १८१९ सालीं अजिंठा दिसला, तशीच ही गोष्ट. अजिंठा आसपासच्या लोकांना ठाऊक होता, आणि हीं घरेंही यूट लोकांना ठाऊक होतीं. शोध लागल्यावर जें होतें तें येथेंही झालें. गाडगीं, हत्यारें, वस्त्रें, इतकेंच नव्हे तर पुरलेलीं प्रेतेंही बाहेर जाऊं लागलीं. १८९१ सालीं गुस्ताफ नॉर्डेन्शल्ड या स्वीडिश तरुणानें पुष्कळ वस्तु गोळा करून रवाना करण्याची तयारी केली, तेव्हां लोकांनीं त्याला पकडून दिलें. पण त्याला सोडावें लागलें, कारण त्यानें मोडावा असा कायदाच नव्हता! आपल्याकडे प्राचीन स्मारकांचा कायदा १९०४ सालीं झाला. अमेरिकेंत तो व्हावयास आणखी दोन वर्षें लागलीं. नॉर्डेन्शल्डचा संग्रह पुढें फिनलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयांत गेला, आणि त्यांतील मानवी अवशेष व त्यांच्याबरोबर पुरलेल्या वस्तु २०२० सालीं मेसा व्हर्डेच्या मातींत परत आल्या.

आपल्या घरांतील स्त्रियांनीं ध्यानांत ठेवावी अशी एक गोष्ट येथें आहे. या घरांसाठीं सर्वांत अधिक झटल्या त्या कोलोरॅडोंतील स्त्रिया. व्हर्जिनिया मॅक्लर्ग व ल्यूसी पीबॉडी या त्यांच्यांतील प्रमुख. दोघींनीं व्याख्यानें दिलीं, पैसे उभे केले, अधिकाऱ्यांच्या भेटी घेतल्या. अखेरीस मात्र दोघींचें बिनसलें. हें स्थळ संस्थानाचें असून स्त्रियांच्या हातीं असावें असा मॅक्लर्गबाईंचा आग्रह, तर तें राष्ट्राचें व्हावें असें पीबॉडीबाईंचें मत. दुसरें मत टिकलें. राखावयाचें यावर एकमत असलें, तरी कोणीं राखावयाचें यावर वाद होतोच.

या घरांत राहणारे लोक १३०० सालापूर्वींच निघून गेले. झाडांच्या खोडांतील वलयें मोजून शास्त्रज्ञांनीं दाखविलें आहे कीं, १२७६ पासून १२९९ पर्यंत त्या प्रदेशांत मोठा दुष्काळ होता. शिवाय जमिनीचा कस व आपसांतील भांडणें हींही कारणें सांगतात. जुन्या पुस्तकांत ‘हे लोक गूढ रीतीनें नाहींसे झाले’ असें लिहीत. रक्षकानें आम्हांला प्रथमच बजावलें कीं, कोणी नाहींसें झालें नाहीं. ते दक्षिणेस गेले, आणि होपी, झुनी व रिओ ग्रँदे नदीकांठचे प्वेब्लो लोक हे त्यांचेच वंशज आहेत. हें वाक्य मीं पत्नीला मराठींत सांगितलें, तेव्हां ती म्हणाली, “मग त्यांत नवल काय? आमचं गांव बुडालं म्हणून आम्ही कुठं नाहींसे झालों? नव्या वसाहतींत जत्रा भरतेच कीं.” मीं तिचें बोलणें इंग्रजींत त्या रक्षकाला सांगितलें. त्यानें आपली टोपी काढली.

परतीच्या वाटेवर यूटा संस्थानांत ‘बेअर्स इअर्स’ म्हणजे ‘अस्वलाचे कान’ या नांवाच्या दोन जोडटेकड्या दुरूनच दिसूं लागतात. होपी, नावाहो, झुनी आणि यूट लोकांच्या दोन शाखा, अशा पांच जमातींनीं मिळून या प्रदेशाचें स्मारक व्हावें अशी मागणी केली. राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनीं २८ डिसेंबर २०१६ रोजीं सुमारें साडेतेरा लाख एकरांचें स्मारक जाहीर केलें. ४ डिसेंबर २०१७ रोजीं राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनीं त्यांतील सुमारें ८५ टक्के भाग वगळला. ८ ऑक्टोबर २०२१ रोजीं राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनीं तो पुन्हां जोडला. पांच वर्षांत तीन सह्या! लाखो एकरांची हद्द पसरली, आकसली, पुन्हां पसरली. जमिनीवरचा एक दगडही हलला नाहीं. जी लेखणी १९०८ सालीं ग्रँड कॅन्यनच्या कामीं आली, ती दोन्हीकडे चालूं शकते, हें येथें दिसलें. अशा वेळीं रेघेचा भरंवसा कागदावर नसतो. ती रेघ आपली आहे असें मानणारीं आणि तिच्यासाठीं पुनःपुन्हां दाद मागणारीं माणसें असावीं लागतात.

अखेरची रात्र त्या टेकड्यांच्या पश्चिमेस ‘नॅचरल ब्रिजेस’ या स्मारकाजवळ काढली. यूटांतील हें पहिलें राष्ट्रीय स्मारक, १९०८ सालचें. वाहत्या पाण्यानें खडक पोखरून तयार केलेले तीन नैसर्गिक पूल येथें आहेत. त्यांचीं सिपापू, काचिना, ओवाचोमो हीं नांवें होपी भाषेंतून घेतलीं आहेत. १९९२ च्या जूनमध्यें काचिना पुलाचा सुमारें ४,००० टन खडक निखळून पडला. दगडाचें झिजणें कायद्यानें थांबत नाहीं, आणि तें थांबवावें असाही कोणाचा आग्रह नाहीं. येथें आणखी एक वस्तु राखली आहे, ती म्हणजे अंधार. २००७ सालीं, आकाशाचा काळोख जपणारें जगांतील पहिलें उद्यान म्हणून या स्थळाची आंतरराष्ट्रीय नोंद झाली. मोटारीचे दिवे विझविल्यावर आकाशगंगा इतकी ठळक दिसली कीं, पत्नीला आपल्या गांवची अंगणांत निजण्याची आठवण झाली. गांव बुडालें तेव्हां तेथें वीज आलेली नव्हती.

फीनिक्सला परतल्यावर कन्येनें विचारलें, “आई, सर्वांत काय आवडलं?” तिला वाटलें, आई शिखरांचें नाहीं तर पुलांचें नांव घेईल. पत्नी म्हणाली, “तो हिरवा ठिपका.” आपणांपैकीं कोणी त्या कांठावर गेलां, तर शिखरें अवश्य पाहावीं, पण निम्म्या उतारावरचा तो ठिपकाही शोधावा, आणि आतां त्याला कोणाचें नांव आहे तें बरोबरच्या मुलांना सांगावें. एवढें बोलून मी आपली रजा घेतों.